अर्धा वाटा

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई एक दिवस उदास दिसली, म्हणून त्यांनी विचारपूस केली. आपण लवकर मरणार, असं तिनं सांगितलं. तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. पण तिच्या घरातली माणसं आतड्याच्या, पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जात, आणि आपणही तशाच जाणार हा तिचा साधा हिशेब होता. तिचं नाव पॉलिन ग्रॉस. तिच्याच मदतीनं वॉर्थिननी त्या घराण्याची वंशावळ जमवली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. वैद्यकीय साहित्यात ते घराणं 'फॅमिली जी' म्हणून ओळखलं जातं. पॉलिन गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. तिनं पन्नाशी गाठली नाही.

तिच्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी नेब्रास्कातल्या ओमाहामध्ये हेन्री लिंच या तरुण डॉक्टरपुढे एक दारुडा रुग्ण आला. इतकी का पितोस, यावर त्याचं उत्तर पॉलिनसारखंच होतं: घरातले सगळे कॅन्सरनं मेले, मीही मरणार. लिंचनी त्याचंही घराणं शोधलं आणि १९६६ साली त्यावर निबंध लिहिला. आनुवंशिक कॅन्सर ही कल्पना तेव्हा फारशी कुणी मनावर घेत नव्हतं. आज या आजाराला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. मोठ्या आतड्याच्या दर शंभर कॅन्सरांपैकी साधारण तीन यामुळे होतात.

या दोघांनाही कुठल्याही चाचणीशिवाय माहीत होतं. त्या माहितीचं करायचं काय, हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे नव्हता, कारण करण्यासारखं काही नव्हतंच. एकीनं ती लिहून घ्यायला मदत केली, दुसरा पीत राहिला. आज करण्यासारखं बरंच आहे. म्हणूनच आज हा प्रश्न नैतिक झाला आहे: ही माहिती कुणाची?

मला तो पुस्तकातून पडलेला नाही. दीड वर्षापूर्वी माझ्या आत्याला शेहेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. उजवीकडे, लहान आतडं जिथं जोडलं जातं त्याच्या जवळ. तिथल्या गाठीमुळे शौचाच्या सवयी लवकर बदलत नाहीत. रक्त थोडंथोडं जात राहतं आणि माणूस फिका पडत जातो. आत्या कित्येक महिने लोहाच्या गोळ्या घेत होती. ऑपरेशन झालं, गाठ काढली, आणि तिच्या नमुन्यावर चार प्रोटीनांची तपासणी झाली. त्यातली दोन सापडली नाहीत. मग रक्ताची जनुकीय चाचणी झाली. 'एमएसएच२' या जनुकात दोष आहे, असा रिपोर्ट आला.

ही चार प्रोटीनं म्हणजे पेशीतले मुद्रितशोधक. पेशीची दुसरी पेशी होते तेव्हा तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर, तोही दोन प्रतींत, उतरवून घ्यावा लागतो. उतरवताना चुका होणारच. 'एमएसएच२' आणि 'एमएसएच६' ही जोडी चूक हेरते, 'एमएलएच१' आणि 'पीएमएस२' ही जोडी दुरुस्ती पुढे नेते. सगळ्यात जास्त चुका होतात त्या एकच अक्षर पुन्हापुन्हा येणाऱ्या जागी. रामनामाची वही लिहिताना एखाद्या ओळीत एक राम कमी किंवा जास्त पडतो, तसंच. मुद्रितशोधक जागेवर असेल तर चूक निघते. नसेल तर चुका साठत जातात, आणि कधीतरी पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या एखाद्या जनुकातच चूक होते.

आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. लिंच सिंड्रोममध्ये एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते. दुसरी धड असल्यामुळे बाळ पूर्ण निरोगी जन्मतं आणि पुढची वीस-तीस वर्षं काही कळतही नाही. मग आतड्याच्या अस्तरातल्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बिघडते, आणि तिथून गाडी वेगानं निघते. साध्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. इथे दोन-तीन वर्षंही पुरतात. बिघडलेली प्रत मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता दर वेळी निम्मी. (मुद्रितशोधक नसलेला प्रत्येक कॅन्सर आनुवंशिक नसतो. मोठ्या आतड्याच्या सुमारे पंधरा टक्के कॅन्सरांत हा दोष सापडतो, पण बहुतेकांत तो उतारवयात त्या गाठीपुरताच झालेला असतो. म्हणून गाठीच्या तपासणीवर न थांबता रक्त तपासावं लागतं.)

जात कळल्यामुळे आत्याचे उपचार बदलले. तिची गाठ दुसऱ्या टप्प्यातली होती. अशा वेळी बाकीच्या काही रुग्णांना सावधगिरी म्हणून केमोथेरपी देतात. पण मुद्रितशोधक नसलेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या गाठी ऑपरेशननंतर परत येण्याचं प्रमाण मुळात कमी असतं, आणि त्यांच्यावर फाइव्ह-एफयू हे नेहमीचं औषध एकटं देऊन फायदा होत नाही. त्यामुळे तिला केमो दिली नाही. ठरावीक काळानं कोलोनोस्कोपी करायची आणि गर्भाशयाचं काय करायचं यावर विचार करायचा, एवढंच सांगितलं.

आणि उद्या तो पसरलाच तर? इथे या आजाराची सगळ्यात विलक्षण गोष्ट येते. ज्या दोषामुळे कॅन्सर होतो, त्याच दोषामुळे तो उघडाही पडतो. हजारो चुका असलेली पेशी चित्रविचित्र प्रोटीनं तयार करते, आणि शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना ती परकी वाटते. त्या गाठीपर्यंत येऊन पोचतातही, पण त्यांच्यावर एक ब्रेक लागलेला असतो. 'पीडी-१' नावाचा हा रेणू जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडला. पुढे २०१८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तो ब्रेक सोडवणारी औषधं आतड्याच्या बहुतेक कॅन्सरांवर चालत नाहीत, या जातीवर चालतात. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा एका औषधाला पहिल्यांदाच अवयव न पाहता परवानगी दिली: गाठ कुठेही असो, मुद्रितशोधक नसला की पुरे.

जून २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर फिरलेला 'कॅन्सरवर रामबाण औषध सापडलं' हा मेसेज आठवत असेल. बातमी खरी होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरच्या बारा रुग्णांना सहा महिने डोस्टार्लिमॅब दिलं आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. ऑपरेशन नाही, केमो नाही, रेडिएशन नाही. २०२५ पर्यंत हा आकडा ४९ पैकी ४९ झाला. ते रुग्ण कोण होते, एवढंच त्या मेसेजमध्ये नव्हतं. सगळ्यांच्या गाठीत मुद्रितशोधक नव्हता, आणि गुदाशयाच्या कॅन्सरात असे शंभरात पाच-दहा. औषधाच्या किमतीचाही उल्लेख नव्हता: अमेरिकेत एका डोसला तेव्हा सुमारे अकरा हजार डॉलर, आणि असे नऊ डोस.

पण माझ्या मते या आजारातला खरा चमत्कार औषधाचा नाही, त्यापेक्षा जुना आणि कंटाळवाणा आहे. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतल्या २५२ जणांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १३३ जण दर तीन वर्षांनी आतड्याची तपासणी करून घेत होते, ११९ जण घेत नव्हते. २००० साली निष्कर्ष आला: तपासणी करणाऱ्यांत कॅन्सर निम्म्याहून कमी, आणि आतड्याच्या कॅन्सरनं झालेला मृत्यू एकही नाही. न करणाऱ्यांत नऊ. तपासणी टाळणारी माणसं इतरही बाबतींत बेफिकीर असतील, हे धरूनही हा फरक मोठा आहे. आता तर वयाच्या विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायला सांगतात. पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढतात. कॅन्सर व्हायच्या आधीच.

यासाठी अट एकच. आपल्याला तपासणीची गरज आहे हे माणसाला माहीत असायला हवं.

मुंबईत जनुकीय समुपदेशनासाठी गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी कागदावर वंशावळ काढली. पुरुष चौकोनी, बायका गोल. आत्याचा गोल भरला, आजीच्या गोलापाशी पेन थांबलं. आजी 'पोटात गाठ' होऊन गेली होती. कसली गाठ, हे कुणी विचारलं नव्हतं. मग बाईंनी आत्याच्या हातात एक पत्र दिलं. नातेवाइकांना द्यायचं. आत्यानं त्याची घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "हे सध्या कुणाला सांगू नका. निदान हिचं लग्न होईपर्यंत."

'ही' म्हणजे माझी आत्येबहीण. वय पंचवीस, स्थळं बघणं चालू.

आत्याला अडाणी किंवा स्वार्थी ठरवणं सोपं आहे, पण ती दोन्ही नाही. आपल्या लग्नाच्या बाजारात 'घराण्यात काही आहे का?' हा प्रश्न माहितीसाठी विचारला जात नाही, बाद करण्यासाठी विचारला जातो. निम्मी शक्यता म्हणजे काय, कोलोनोस्कोपीनं ती किती कमी होते, हे समजून घ्यायला तिथे कुणी थांबत नाही. विम्याचंही तेच. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं जनुकीय आजार सरसकट वगळणारं विम्याचं कलम भेदभावाचं ठरवलं, पण तिथवर भांडायला माणसाकडे बळ लागतं. अशा ठिकाणी गुप्तता हे एकमेव चिलखत असतं. ते आत्यानं घातलं, तर तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

तरीही मला वाटतं की ती दोन वेगळ्या गोष्टी एका घडीत ठेवत होती.

माझ्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, असा प्रसंग रोजचा आहे. अनेकांनी वापरलेल्या एखाद्या कोडमध्ये तुम्हाला भगदाड सापडलं, तर दोन कर्तव्यं असतात, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. ज्यांचं ते कोड आहे त्यांना ताबडतोब सांगायचं. बाजारात मात्र बोलायचं नाही. दुरुस्तीला वेळ द्यायचा, रूढ मुदत नव्वद दिवसांची. दोन्ही गोष्टी करणं म्हणजे जबाबदारी. कुणालाच न सांगणं याला गुप्तता म्हणत नाहीत.

आत्यानं बाजाराला न सांगणं मला पूर्ण मान्य आहे. पण मुलगी बाजारात येत नाही. ती वाटेकरी आहे. सामायिक जमिनीबद्दलची नोटीस एका भावाच्या नावावर आली, म्हणून ती त्याची खाजगी होत नाही. सातबाऱ्यावर बाकीच्यांचीही नावं असतात. उलट जमिनीच्या बाबतीत नको असेल तर हक्कसोडपत्र तरी करता येतं. इथे तीही सोय नाही. वाटा आला असेल तर आलाच आहे. आणि आत्येबहिणीचं वय नेमकं ते, जिथून तपासण्या सुरू करायला सांगतात. लग्नापर्यंत थांबायचं म्हणजे एक वर्ष की चार, कुणाला माहीत?

न्यायालयांनाही हा पेच सुटलेला नाही. न्यू जर्सीत आतड्यात असंख्य पॉलिप होणाऱ्या वेगळ्या आनुवंशिक आजारानं एक गृहस्थ १९६४ साली गेले, तेव्हा त्यांची मुलगी दहा वर्षांची होती. छत्तिसाव्या वर्षी तिलाही कॅन्सर झाला. वडिलांच्या डॉक्टरनं घरच्यांना सावध करायला हवं होतं, असा तिचा दावा. 'सेफर विरुद्ध पॅक' या नावानं गाजलेल्या त्या खटल्यात १९९६ साली अपिलाच्या कोर्टानं म्हटलं की डॉक्टरचं असं कर्तव्य आहे, आणि ते रुग्णाला सांगून संपेलच असं नाही. त्याच्याच आदल्या वर्षी फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं नेमकी उलट रेघ मारली होती: रुग्णाला सांगितलं की डॉक्टरचं काम झालं, पुढचं रुग्णाचं. फ्रान्सनं २०११ साली कायद्यानंच रुग्णावर नातेवाइकांना कळवायची जबाबदारी टाकली. स्वतः सांगायचं नसेल तर डॉक्टर रुग्णाचं नाव न घेता कळवू शकतात.

मला फ्लोरिडाचा निकाल जवळचा वाटतो, पण कायद्याच्या कारणासाठी नाही. डॉक्टरनं परस्पर फोन केला तर माहिती पोचेल, पण घरात कुणी कुणाला काही सांगितलेलं नसेल. आणि या आजारात एकदा सांगून काम संपत नाही. ही बातमी घरातच ठेवून तिच्यासोबत चाळीस वर्षं राहायचं आहे.

इथपर्यंत मी आत्येबहिणीच्या बाजूनं सहज बोलत होतो. गाठ बसली ती माझ्याच घरात.

बाबा आत्याचे मोठे भाऊ. त्यांची शक्यता निम्मी, माझी त्याच्या निम्मी, म्हणजे पाव. शहाणा क्रम असा की आधी बाबांनी रक्त द्यावं. त्यांचं 'नाही' आलं तर मी आपोआप सुटलो. बाबांनी नकार दिला. आता साठीला आलो, मला काही कळून घ्यायचं नाही, असं म्हणाले.

मग मी सरळ स्वतःची चाचणी करावी? गणित पाहा. माझं 'नाही' आलं तर बाबांबद्दल फारसं कळत नाही. त्यांची शक्यता निम्म्यावरून एक तृतीयांशावर येते, इतकंच. पण माझं 'हो' आलं, तर बाबांचं शंभर टक्के 'हो' आहे. त्यांनी न दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात येईल.

न कळून घेण्याचा हक्क ही काही पळवाट नाही. युनेस्कोच्या १९९७ च्या मानवी जीनोमविषयक जाहीरनाम्यात तो लिहिलेला आहे: जनुकीय तपासणीचा निष्कर्ष कळून घ्यायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. हंटिंग्टन रोगासारख्या आजारात, जिथं येणारी गोष्ट थांबवता येत नाही, तिथं शक्यता असलेली बरीच माणसं चाचणी करत नाहीत, आणि मला ते पटतं. पण हा हक्क जिथं माहिती निव्वळ माहिती असते तिथं सगळ्यात भक्कम असतो. पॉलिन ग्रॉसला तो शंभर टक्के होता. लिंच सिंड्रोममध्ये कळणं आणि मरणं यांच्यामध्ये एक कॅमेरा आहे. इथे न कळण्याची किंमत बाबांनी स्वतःपुरती मोजली तर तो त्यांचा प्रश्न. माझ्या आतड्यानं मोजावी, असं मात्र त्यांना म्हणता येणार नाही. आणि त्यांनी तसं म्हटलंही नाही. "तुला करायची तर कर," म्हणाले.

मी चिकाटीनं विचारत राहिलो तेव्हा खरं कारण बाहेर आलं. त्यांना स्वतःच्या कॅन्सरची भीती नव्हती. "मला निघालं तर ते मी तुला दिलंय का, हे मोजत बसेन मी." म्हणजे जे कळायला नको होतं ते त्यांच्याबद्दलचं नव्हतंच, माझ्याबद्दलचं होतं. यावर जनुक कुणी देत नाही, ते फक्त जातं, दोष कुणाचाच नसतो, असं मी बोललो. खरं आहे ते. बापाला त्याचा काही उपयोग नसतो.

मग त्यांनीच तोड काढली. "कॅमेरा घालायचा तर घाला. रक्त नको." मी यावर बराच विचार केला आणि मला त्यात खोट सापडत नाही. त्यांना जी कृती करायला हवी ती ते करताहेत; फक्त तिचं नाव ऐकून घ्यायला नकार देताहेत. आपण नातेवाइकांना जे देणं लागतो ते सत्य आहे की वेळेत काही करण्याची संधी? मला आता दुसरं वाटतं. बहुतेक वेळा संधी द्यायला सत्य सांगावंच लागतं, म्हणून दोन्ही एकच असल्याचा भास होतो. जिथं सत्याशिवाय संधी देता येते, तिथं सत्याचा आग्रह हा सांगणाऱ्याचा हट्ट असतो. हे सगळ्यांना चालणार नाही. दर एक-दोन वर्षांनी अख्खा दिवस ते खारट औषध पिऊन पोट साफ करायचं, तेही कदाचित गरज नसताना. अठ्ठाविसाव्या वर्षी, पुढे मुलंबाळं व्हायची असताना, मला असं अंधारात चालत राहायचं नाही. बाबांच्या वयाला ते पुरतं.

राहिला माझा रिपोर्ट. तो त्यांना सांगायचा नाही, असं ठरलं. पण एवढ्यानं भागत नाही, हे कुठल्याही प्रोग्रामरच्या लगेच ध्यानात येईल. 'नाही' आलं तर मी आनंदानं सांगून टाकणार. म्हणजे मी गप्प बसलो की 'हो' असं झालं. न सांगण्यातूनही माहिती गळते. तेव्हा ठरलेला नियम असा: काहीही आलं, चांगलं आलं तरी, बाबा स्वतः विचारेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. आईला हा नियम अजिबात मान्य नाही. चांगली बातमी दाबून ठेवणं हा कसला शहाणपणा, असं ती विचारते, आणि तिच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे.

बाबांची कोलोनोस्कोपी मार्चमध्ये झाली. एक लहान पॉलिप निघाला, काढला, साधा होता. त्यातून जनुकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. साठीच्या माणसाला पॉलिप असतातच.

आत्यानं पर्समधलं पत्र शेवटी मुलीला दिलं, लग्नाची वाट न बघता. मी किंवा कुणी समजावलं म्हणून नाही. मुलगी दोन आठवडे थकवा आहे म्हणत होती आणि आत्याला झोप लागेना. थकवा ऑफिसच्या जागरणाचाच निघाला. पत्र वाचून आत्येबहिणीनं रक्त दिलं, माझ्याच आठवड्यात. आता त्यांचं भांडण निराळ्या गोष्टीवरून आहे. 'हो' आलं तर ज्याच्याशी लग्न ठरेल त्याला आधी सांगणार, असं ती म्हणते. आत्या म्हणते, तो कोण लागतो? अजून तर कुणीच नाही. माझ्या वाटेकऱ्याच्या नियमानं आत्याचं बरोबर येतं, कारण त्याचा वाटा नाही. त्यांच्या होणाऱ्या मुलांचा मात्र असेल. दोघी मला निवाडा करायला सांगतात आणि मी अजून दिलेला नाही. रिपोर्ट तीन-चार आठवड्यांनी येतील.